डाव्या हाताची शाई

३ तारीख, सोमवार. बारामती
आजपासून नोकरी. एमआयडीसीतल्या छोट्या गेम कंपनीत परीक्षक, म्हणजे दिवसभर खेळायचं आणि चुका काढायच्या. चुका मी लहानपणापासून काढतेय, पगार आता सुरू झाला. खेळ मतदानाचा: रांगेत उभं राहा, यादीत नाव शोधा, बोटाला शाई लावून घ्या, बटण दाबा. असले मतदान-खेळ म्हणे आता धडाधड येणार आहेत. अस्सल वाटावं म्हणून स्वतःच्या मतदार ओळखपत्राचा नंबर टाकायला लावतात. मी टाकला.

रविवारी आमच्या वरकुट्यात ग्रामपंचायतीचं मतदान, माझं पहिलंच. द्वारकाआत्या सरपंचपदाला उभी आहे, चिन्ह कपबशी; विरोधकाचं खुर्ची. फोनवर म्हणाली, एकच मत हाय तुझं, ते तूच टाक.

४ तारीख
कोणतंही बटण दाबलं तरी दिवा खुर्चीपुढंच लागतो. चूक म्हणून लिहून दिलं. मालक विजयसिंहसाहेब हसले. म्हणाले, ती चूक न्हाय, तीच गंमत हाय, जिंकणाऱ्यालाच मत दिल्याचं समाधान मिळतं लोकांना. मी पुन्हा लिहून दिलं, तांबड्या अक्षरांत.

५ तारीख
डबा खाण्याआधी हात धुताना दिसलं, डाव्या तर्जनीवर शाई. खरी. लिंबू, घासणी, सगळं करून झालं. अशा बोटानं रविवारी मला आत कोण सोडेल? शेजारच्या मोहितला विचारलं. त्यानं कायम खिशात असणारा डावा हात बाहेर काढला. मनगटापर्यंत काळा. म्हणाला, माझं हितंच झालं, गावी जायचा ताप वाचला.

७ तारीख
खेळलेच नाही. हात मांडीखाली दाबून बसले. पडद्यावरची बाई माझा चेहरा घेऊन रांगेत पुढं सरकली. बटण दाबलं. माझी आणखी तीन बोटं काळी.
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, जावा की, नंबर हाय आमच्याकडं.

८ तारीख
डावा हात ऐकत नाही. टेबलावर आपोआप दाबत राहतो— टक, टक—
भीती वाटतेय. पण घाबरवलं की मी जास्त हट्टाला पेटते. दिवसभर निवडणुकीचे नियम वाचले. आपल्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर कागदी मतपत्रिका मागता येते. खेळात हा नियम कुणी घातलाच नाही.

९ तारीख, रविवार. वरकुटे, शाळा
निमगाव केतकीला एसटी बदलली. केंद्रावरचे साहेब म्हणाले, तुमचं मतदान झालंय, ही सही. सही माझीच— डाव्या हातानं केलेली. हटले नाही. कागद मागितला. असली मतं वेगळ्या पाकिटात जातात, सहसा मोजत नाहीत, म्हणाले. न मोजोत.

पुठ्ठ्याच्या आडोशाला. उजव्यानं लिहितेय. डावा शिक्का घेऊन खुर्चीकडं—

चावले त्याला. रक्त माझंच—

शिक्का मिळाला. कपबशी. मारला.

आता डावा हात पेन सोडवतोय— एकेक बोट— आत्या, तूच टाक म्हणालीस ना, मीच टाकलं, मी स्वत