माठासाठी खोटं

आई,

परसातली नीळ आज सकाळी कापली. शेंड्याला कळी दिसली की थांबायचं नाही, फुलली की पानातला रंग जातो, असं तू म्हणायचीस. तू गेल्यावर इथं कुणी नीळ पेरलेली नाही. तरी दर वर्षी ती आपली आपण उगवते. वाफ्यात कमी, आणि न्हाणीपासून कुंपणापर्यंत तुझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर जास्त. यंदा पावसानं तोंड फिरवलंय. दादा या वयात खडी फोडायच्या कामावर जातात, विहिरीत हंडा बुडत नाही. हळद, डाळिंब, पारिजातक मी न्हाणीच्या पाण्यावर कसेबसे तगवलेत. नीळ मात्र थेंबभर पाणी न घालता तरारलीय. तिच्याकडे पाठ करून उभं राहायला मला नको वाटतं.

पानांचा निळा साका, चुना आणि उकडलेलं टाकळ्याचं बी माठात घालून ठेवलं की पाणी आंबून हिरवंपिवळं व्हायचं, वर तांब्यासारखी साय धरायची, म्हणजे माठ कापड रंगवायला तयार. कधी धरायची नाही. मग तू हात पुसत कुंपणाशी जायचीस आणि शेजारच्या काकूला एखादी धडधडीत थाप मारायचीस. ऐकणाऱ्यानं ती खरी मानली की माठ सुधारतो, असं तुला तुझ्या आईनं शिकवलेलं. नदीच्या पुलावर वाघ बसलाय म्हणालीस, तेव्हा काकू पोरं गोळा करून पुलाकडे पळाली होती आणि तू हसून हसून ओट्यावर बसलीस. पण एकदा तू म्हणालीस, ‘तुझ्या गाईनं खाणं सोडलंय काय गं?’ गाय तेव्हा चांगली चरत होती. आठवडाभरात ती मेली.

पुढच्या खेपेला माठ बिघडला. तू कुंपणाशी उभी आहेस, कितीतरी वेळ. कुणाचं नाव घ्यावं ते तुला सुचत नाहीये. शेवटी म्हणतेस, ‘मी जाते माहेरी. लांब. पोराला जेवू घालशील ना?’ काकू म्हणते, ‘जा की. त्यो काय मला जड झालाय व्हय?’ माठ त्याच दिवशी सुधारला. नीळ पुन्हा कळीवर यायच्या आत तू या जगात नव्हतीस. काकूनं मला जेवू घातलं, शब्द पाळला.

तिच्या नणंदेची मुलगी शिकायला तिच्याकडे राहिली. संगमनेरच्या कॉलेजात आम्ही एकाच एस्टीनं जायचो. मी आवडतो असं ती कधी म्हणाली नाही, आवडत नाही असंही म्हणाली नाही. लग्न ठरलं म्हणून तिचं नाव कॉलेजातून काढलं, त्याच दिवशी मी माझंही काढलं. दादांनी कानफटात मारली. बरोबरच मारली. लग्नाचं हिरवं लुगडं मामाकडचं, म्हणजे काकूच्या घरचं. काकूनं ते रंगवायला माझ्याकडेच दिलं. ‘डबीतला रंग नको, तुझ्या आईसारखा पाहिजे, आधी निळीत मग हळदीत,’ असं मला म्हणाली.

आणि माठ बिघडला. काकू रोज कुंपणाशी. ‘कवा देतूस रं लुगडं? लगीन काय तुज्या माठाला इचारून धरायचं?’ मी भडकलो. ‘नवरदेवाचा पाय मोडलाय म्हणे, कशाला घाई करता,’ असं बोलून गेलो. तिला खरंच वाटलं, ती घरात पळाली. मी झाकण काढलं तर तांबूस साय. संध्याकाळी निरोप आला की सुरुंगाचा दगड लागून नवऱ्या मुलाचा पाय मोडला. काकूनं विचारलं, ‘तुला सकाळीच कसं कळलं रं?’ तेव्हापासून ती कुंपणाजवळ येत नाही, तिच्या दारातूनच बोलते.

पाय बरा झाला. तारीख पुन्हा धरलीय. लुगडं पहिल्या बुडीला फिकं निघालं, दुसरी हवी, आणि माठ पुन्हा मेल्यासारखा पडलाय. आज नीळ कापताना एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, आई. त्या एका वाक्यानं हे लग्न कायमचं मोडलं असतं. ते मी इथं लिहितही नाही. ते गिळायला मला किती वेळ लागला, आणि तू तेव्हा एवढा वेळ का उभी होतीस ते मला आज कळलं.

‘काकू, मी चाललो,’ म्हणालो. ‘लांब. परत यायचा नाही.’

‘जा बाबा,’ काकू दारातून म्हणाली. ‘पर लुगडं देऊन जा.’

दुपारी साय धरली होती. लुगडं बुडवून वर काढलं तेव्हा पिवळट हिरवं होतं, वारा लागला तसं माझ्या डोळ्यांसमोर निळं होत गेलं. माझे हात कोपरापर्यंत तसेच निळे झालेत, घासले तरी जात नाहीत. उद्या हळद. मग ते तिच्या अंगाला शोभेल असं हिरवं होईल.

हे पत्र कुठं टाकणार? पेटीत, तुझ्या लुगड्याखाली ठेवतो. कधी कुठं जायचं ते मला माहीत नाही. भीती वाटते.

आणि खरं सांगू? काकूला ऐकू जायला एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. ती मुलगी आत भांडी घासत होती, तिला ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.