ओल्या खांबाचं माप

मंगळवार, संध्याकाळ

मशीनच्या टोकांना लावायचं ग्रीस नखांतून निघत नाही. गगनबावड्याच्या शाळेत चौथीच्या वर्गातल्या काँक्रीटच्या खांबाची भेग आज मशीननं मोजली. ध्वनिलहर भेगेला वळसा घालून पलीकडे पोचते. वेळ जास्त लागला तर भेग खोल. वेळ कमी लागला. "वरवरची आहे," असं मोठ्या बाईंना सांगून मोकळा झालो.

निघताना शिपाईमामा म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून सकाळीच खांब धुतलाय की." मी हसलो!

घरी आल्यावर ट्यूब पेटली. भेगेत पाणी होतं, लहर वळसा न घालता त्यातून सरळ गेली; भेग खोलही असेल. ग्रीसच्या हाताला ओल कशी कळणार? कळायला हवी होती.

बाईंना फोन केला. खांब वाळला की परत मोजतो, तोवर तिथं पोरं बसवू नका.

"इथं दिवाळीशिवाय काय वाळतंय, साहेब? बाकीचे वर्ग गळत्यात."

चौथीची पोरं उद्या त्याच खांबाला टेकून बसतील. माझ्या शब्दावर.