झाकणावरचा लाल ठिपका

आई,

आज तुझ्या डब्यानं माझं काम वाचवलं. तू असतीस तर "पुरे कौतुक" म्हणत पदराला हात पुसले असतेस, पण आतून सुखावली असतीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पिपलानीच्या क्वार्टरमधला तो दिवस आठवतो. गणपतीच्या जेवणाला घराघरातून डबे गेलेले. आपले ओळखू यावेत म्हणून तू झाकणांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका काढायचीस. मी रुबाबात डबा आणून ओट्यावर ठेवते. तू तो उलटा करून पाहतेस आणि भडकतेस, "झाकण आपलं आहे गं, डबा कुणाचा उचलून आणलास? खूण दिसली की झालं का?" तेवढ्यात शेजारच्या आंटी हसत दारात, "दीदी, ढक्कन आपका, डिब्बा हमारा!" मला रडूच कोसळलं. त्या दिवसापासून तू ठिपका बुडालाही काढायला लागलीस.

आता माझं ऐक. भाजलेली जखम भरून आणणारं एक प्रथिन आहे, त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. जखमेवर लावल्यावर ते अंगात कुठे कुठे जातं हे कळावं म्हणून आम्ही त्याला किरणोत्सारी आयोडीन चिकटवतो आणि उंदरांच्या एकेका अवयवात त्या आयोडीनचा माग काढतो. गेल्या महिन्यात माग निघाला थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत. आमचे सर म्हणाले, "मॅडम, दवा गले में जा रही है. ये काम बंद कीजिए." इतक्या वर्षांची मेहनत वाया जाणार होती. मला एकदम तुझा ओटा दिसला. मी म्हणाले, "सर, गले में आयोडीन गया है. दवा गई, ये किसने देखा?" प्रथिनापासून सुटलेलं आयोडीन मिळालं की ती ग्रंथी ते ओढून घेणारच, मांजरासमोर दूध ठेवल्यासारखं. सरांनी एक संधी दिली. आम्ही उंदरांना आधी साधं आयोडीन पाजून ग्रंथीचं पोट भरून ठेवलं, मग औषध लावलं. आज आकडे आले. गळ्यात जवळजवळ काही नाही; औषधच तिथे जात असतं, तर ग्रंथीचं पोट भरलेलं असूनही दिसलं असतं. जखमेत मात्र माग होता, आणि तिथे आयोडीन प्रथिनालाच चिकटलेलं आहे, हेही तपासलं. काम चालू राहणार, आई!

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये आपको सूझा कैसे?" मी म्हणाले, "अनुभव से." तुझं नाव घेतलं असतं तर तिथेच डोळे भरून आले असते.

हे पाठवायचं कुठे, ते काही मला माहीत नाही. बाग सेवनियाच्या या घरात मी एकटीच राहते, डबा बदलून जायला दुसरं कुणी नाही. तरी अजून ठिपका काढते, झाकणावर आणि बुडालाही.