रिकाम्या कणगीचं गाणं

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशी भांडावं की तुझ्याबरोबर हसावं, हेच मला कळत नाही.

चुलीपुढं भाकरी थापताना तू म्हणायचीस,

लेव्हीचा शिपाई आला गं, पोती मोजून गेला
कणगी झाली रिकामी, उंदीर रडून मेला!

महायुद्धाच्या काळात सरकार सक्तीनं धान्य उचलून नेई, त्या लेव्हीवरचं तुझ्या लहानपणीचं हे गाणं. म्हणता म्हणता तू इतकी हसायचीस की भाकर तव्यावर करपायची. मी तेव्हा कॉलेजातून नवी नवी पुस्तकं वाचून आलेला. "यात हसण्यासारखं काय आहे? हा जुलूम आहे!" असं मी ओरडलो, तर तू म्हणालीस, "भाषण पुरं. जेव आधी."

तेच भाषण मी जन्मभर केलं. गाणं म्हणायचं, मूठ उगारायची आणि गरजायचं, "ती कणगी माझ्या आईच्या घरची होती!" शहागंजच्या सभेत तू पुढंच बसली होतीस, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, रडतेयस.

परवा सोयगावला मावशीकडं गेलो. तुझी धाकटी बहीण आता अंथरुणावरच असते, पण जीभ तीच. तिला गाणं आणि भाषण दोन्ही ऐकवलं. ती खोकला येईस्तोवर हसली.

"आपली कणगी? आरं, आपल्याला भुईचा तुकडा नव्हता, कणगी कशाची? ती पाटलाची! शिपायानं झाडून नेली तवा पाटील तोंड पाडून बसला. आम्ही पोरी घरी येऊन लई हसलो. तुझी माय तर गडाबडा लोळली."

"पण मावशे, तुमच्या मजुरीची ज्वारी त्याच कणगीतून यायची ना?"

"व्हय की."

"मग हसलात कशाला?"

"तू लई शिकलास. तूच सांग."

मला सांगता येत नाही, माय. शहागंजला तू पदराआड हसत होतीस काय? उद्या उस्मानपुऱ्यात सभा आहे, पत्रकावर तुझं गाणं छापलंय. सरकारच्या जुलमावर आपली माणसं खूश झाली, असं सांगू? की पाटलाच्या फजितीपुढं त्यांना स्वतःची भूकही लहान वाटली, असं? दोन्ही वाक्यं लिहिली आणि खोडली. टाळी घेईल असं एकही वाक्य खरं वाटत नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठं? एवढंच सांगतो. त्या दिवशी हसून झाल्यावर तुम्ही जेवलात काय, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. मावशी अजून हसत होती. मी विचारला नाही.