चूलबंद आवतण

प्रिय आत्या,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. मंत्रांत दोन ठिकाणी विभक्ती घसरली. तुझा दिवस म्हणून मी भटजींना टोकलं नाही. पत्राचं कारण वेगळंच आहे. काल तुझी आठवण यायला नको होती इतकी आली!

परवा तुझ्या लेकानं, अनंतानं, ताडकळसच्या बाजारात भोंगा फिरवला: "दीनदुबळे, दारुड्यांची लेकरंबाळं, समद्यांना अन्नदान!" मन मोठं आहे गं त्याचं, फक्त ते भोंग्यातून बाहेर पडतं. आणि 'दीन' हा शब्द संस्कृत असला म्हणून काय झालं? घास अडकायचा तो अडकतोच.

शेजारची रुक्मिण ते ऐकून दार लोटून बसली. तिचा मारोती व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच परतलाय. उंबरा ओलांडत नाही. मी बोलवायला गेलो, तर म्हणाली, "आमी न्हाई येणार, गुरुजी. लेकरं इचारायलेत, दारुड्याची म्हंजे आपुनच का?"

जन्मभर व्याकरण शिकवलेला मी, आल्या पावली परत फिरलो.

मग तू आठवलीस. ज्या घरात चूल तशीही पेटणार नव्हती, नेमकं तिथंच तू चूलबंद आवतण द्यायचीस. सरपंचाला देतात तसंच, दारात उभं राहून, नाव घेऊन: "उद्या चूल पेटवायची न्हाई, घरादारानं यायचं!" वर एखादं काम सांगून यायचीस. हे कुणाला शिकवून का गेली नाहीस? वरण खारट करायचं तेवढं सुनेला बरोबर शिकवलंस!

मी पुन्हा गेलो. "मारोतराव, उद्या चूलबंद आवतण हाय. अन् वाढायला माणूस कमी पडायलाय."

तो बाजेवरून उठला. "मला म्हणायलाव का, गुरुजी?"

"इथं दुसरे मारोतराव कोण हायत?"

रुक्मिण पदराआड हसली. "लय दिसांनी 'राव' ऐकलं बगा."

काल पंगतीत तो वरणाचं भांडं घेऊन वाढायला निघाला. वरण सांडलं ते थेट अनंताच्या नव्या धोतरावर. मारोती जागीच थिजला. अनंतानं धोतराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "वाढा, मारोतराव. आता थोडं पानातबी वाढा!"

सगळी पंगत हसली. मारोती हसला. त्याच्या लेकरांनी तर दुसऱ्यांदा वरण मागितलं, तेही बापाकडूनच.

आत्या, पुढच्या वर्षी भोंगा अनंताच्या हाती लागणार नाही. मी दारोदार जाईन. सरपंचाच्या दारात जे शब्द, तेच रुक्मिणीच्या दारात.

तिकडं वाढायला माणूस कमी असेल, तर मलाही आवतण दे. घाई मात्र करू नकोस.

तुझ्या खारट वरणाला मुकलेला भाचा,
नारायण