बोलण्याचे चिंचोके

२२ नोव्हेंबर २००७
आज शिक्षक मेळाव्यात भाषण. विषय माझा लाडका : मुलांना बोलू द्या. एक तास बोलले, टाळ्या भरपूर. गेल्या काही वर्षांत शिक्षणावर जे जे वाचलं ते सगळं ओतलं. वर्ग म्हणजे सभा नव्हे, मूल म्हणजे श्रोता नव्हे, वगैरे. उतरून चहा घेतेय तर एक तरुण शिक्षक जवळ आला, अगदी नम्रपणे. "मॅडम, तुमच्या वर्गात कोण बोलतं?"
मी म्हटलं, मुलं.
खोटं बोलले का? खात्री नाही. भाईंदरला घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

२४ नोव्हेंबर
आठवी ब चा नागरिकशास्त्राचा तास विनायकच्या मोबाईलमध्ये भरून घेतला. (मोबाईल मागितल्यावर नवरोजींचा चेहरा बघण्यासारखा. "गाणी पुसू नकोस.") घरी ऐकला. धडा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. पूर्ण तास माझा आवाज. मध्ये मध्ये चाळीस पोरांचा एकसुरी "हो बाई".
विनायक : "चांगलं बोलतेस गं."
मोबाईल बंद केला.

२६ नोव्हेंबर
चिंचा फोडून चिंचोके काढले, धुऊन, वाळवून नेले. नियम : प्रत्येकाला पाच चिंचोके. एकदा बोललं की एक ताटात. संपले की गप्प. तासाअखेर सगळ्यांचे संपायला हवेत. मलाही पाचच.
पहिला चिंचोका मी "गप्प बसा" वर घालवला. रोहित गुरव ओरडला, "बाईंचा एक गेला!" मी म्हटलं, "तुझाही गेला." तो म्हणाला, "बाई, तुमचा दुसरा." वर्ग हसून लोळला. हजेरी संपायच्या आत माझे संपले. उरलेला तास हातवारे करत उभी. पोरं एकमेकांशी बोलली. हक्क म्हणजे काय यावर भांडली. अर्धं चुकीचं बोलली, आणि मला दुरुस्त करता येईना. घसा दुखतोय. न बोलता कसा दुखतो?

२९ नोव्हेंबर
रोहितने घरून मूठभर चिंचोके आणले. त्याच्या आईकडे गावाहून, रत्नागिरीहून, चिंचेचा गोळा येतो म्हणे. आता ओळखू यावेत म्हणून माझ्या चिंचोक्यांना एका बाजूने लाल नेलपॉलिश. स्टाफरूममध्ये बसून लावत होते. मोठ्या बाई दारात. मुख्याध्यापिका म्हणून त्या बघतातच, पण आज जरा जास्त वेळ बघितलं. "वार्षिक परीक्षेआधी धडे संपतील ना?" संपतील म्हटलं.

३ डिसेंबर
खेळ रंगलाय. एक मात्र खटकतं. फिलोमिना, चौक गावची, बसने येते ती. वर्गात कधी तोंड उघडत नाही. तासाअखेर तिची मूठ मात्र रिकामी. बोलते कधी?

४ डिसेंबर
बोलत नाही. विकते.
भाव : एका चिंचोक्याला एक चिक्की. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रोहित. आणखी तीन-चार गप्प पोरंही विकतात, पण फिलूचा धंदा जोरात. दप्तराचा पुढचा कप्पा चिक्क्यांनी भरलेला. विचारलं तर रोहित अगदी सरळ : "बाई, तिला नको असतात. मला हवे असतात. मग?"
माझ्या अंगाची लाही लाही. याच वर्गात मी मत विकणाऱ्यांवर आग ओकलेय! बोलायला उठले तर ताटात माझा शेवटचा चिंचोका पडलेला. रोहितच म्हणाला, "बाई, घ्या की, फिलूकडे आहेत चार."
हात पुढे केला. तिने दिले.
मग बोलले. आपला आवाज ही विकायची वस्तू नाही. जो आज चिक्कीला विकतो त्याला उद्या कोणीही विकत घेतो. खूप दिवसांनी जमलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फिलूनेही.

५ डिसेंबर
सकाळी सगळं विनायकला सांगितलं, भाषणासकट. तो दाढी करता करता थांबला. "ते चार चिंचोके कोणाचे होते म्हणालीस?"
चहा तसाच राहिला.
चिक्की तरी द्यायला हवी होती मी तिला.

७ डिसेंबर
नवा नियम. देवघेव बंद. आपले आपणच संपवायचे, संपेपर्यंत कोणी जागेवरून हलायचं नाही. फिलूचे पाच उरले. घंटा झाली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत बसला. कोणीतरी कुजबुजलं, "बोल ना गं, डबा खायचाय." ती बाकाकडे बघत राहिली. मी वाट बघितली. मला वाटलं, आता बोलेल. सगळी पुस्तकं सांगतात, थांबा, वाट बघा.
शेवटी सोडलं सगळ्यांना. ती सगळ्यांत शेवटी उठली.

११ डिसेंबर
फिलू कालही नाही, आजही नाही. पोट दुखतंय असा निरोप.
मोठ्या बाईंनी बोलावलं. बाकीच्या तुकड्या दोन धडे पुढे आहेत. "पालक तुमच्या वर्गासाठी प्रवेश घेतात. तुमचं बोलणं ऐकायला. आणि तुम्हीच गप्प?" एरवी मी त्यांना निरुत्तर केलं असतं. आज उत्तर होतं, पण ते माझ्या बाजूचं की त्यांच्या, ते कळेना.

१३ डिसेंबर
मधल्या सुट्टीत फिलूची आई. मासळी बाजारातून थेट, टोपली गेटवर ठेवून.
"टीचर, काय हो खेळ काढलाय? पोर शाळेत यायला मागत न्हाय."
पोट दुखतंय ना तिचं, मी म्हटलं.
"पोट कुठं दुखतंय! तुमचा खेळ दुखतोय तिला."
मी समजावू लागले. पोरीला बोलतं करायचंय, पुढे जगात उभं राहायचंय तिला...
"बोलतं? टीचर, घरी तिचं तोंड बंद व्हत न्हाय! तुमचं भाषण आख्खं करून दाखवते आम्हाला. हात असा वर, पदर असा खोचून. तिचा बाप हसून हसून आडवा. हक्क काय, कायदा काय, सगलं त्याला पाठ झालं. मागच्या महिन्यापासून बंद. इचारलं तर म्हनते, बाई आता काय सांगतच न्हाय."
ती टोपलीकडे जायला वळली.
"नाताल झाला की बघू. न्हायतर बसंल मावशीसंगं सुकी मासली निवडायला."
पाठवा, म्हटलं. तिला बोलायला लागणार नाही.
"शब्द?"
शब्द.
दिला खरा. पण कसला दिला? एका मुलीला वर्गात गप्प बसायची हमी. मी! ज्या बाईने बावीस तारखेला मेळाव्यात...

१४ डिसेंबर
२४ तारखेचा तास मोबाईलवर मुलांना ऐकवला. नेहमी ती एकमेकांच्या निबंधावर लिहितात तसं लिहायचं : दोन बऱ्या गोष्टी, एक प्रश्न. या वेळी माझ्यावर.
चिठ्ठ्यांतून :
"आवाज भारी. शेवटी काटा आला. कशाबद्दल होतं ते विसरलो."
"बाई, तुम्ही कळलं का विचारता आणि उत्तर यायच्या आत पुढे जाता." (अक्षर रोहितचं. मुद्दा अचूक.)
"मोबाईल कितीचा आहे?"
म्हणजे बोलून काही पोचत नव्हतं. मग चौकच्या घरात ते सगळं कोणी पोचवलं? त्या घरातल्या एका माणसाला कायदा पाठ आहे!
एका मुलीसाठी सगळ्यांना पुन्हा श्रोते करायचं? की चाळिसांसाठी तिला जाऊ द्यायचं? वाचलेलं एकही पुस्तक इथे कामाला येत नाही. कपाट उघडून नुसती उभी राहिले.

१७ डिसेंबर
आली. "संपलेच पाहिजेत" हा नियम रद्द केला. का ते सांगितलं नाही. रोहित : "हे बरोबर नाही बाई. आम्ही संपवायचे, काहींनी साठवायचे?" त्याचंही चूक नाही.
फिलू पूर्ण तास गप्प. पण आली.

१८ डिसेंबर
लिहायला बसलेय, पण नीट लिहवत नाही.
आज तासाच्या मध्यावर फिलू उभी राहिली. एक चिंचोका ताटात.
"बाई, तुमी सांगा ना पयल्यासारखं. आमी ऐकतो."
रोहित ताडकन उठला. "आमी कोण? तू ऐक. मला बोलायचंय."
दुसरा चिंचोका. "तू रोजच बोलतोस. काय बोललास ते एकाला तरी आठवतंय?"
"बाईंचं तरी कुठं आठवतं? चिठ्ठीत लिहिलंय सगळ्यांनी!"
तिसरा. "मला आठवतं." आणि म्हणून दाखवलं. माझी वाक्यं, पण तिच्या बोलीत, माझ्यापेक्षा थोडक्यात. नंतर चौथा : "तुला ऐकाया येत न्हाय म्हनून मी का बोलू?" मागच्या बाकावरून शिट्टी. रोहित मुठीतले शिल्लक चिंचोके नुसते चाळत राहिला. पाचवा तिने ताटात टाकला, तोंड उघडलं, आणि "बस" एवढंच म्हणून खाली बसली.
मग सगळा वर्ग एकदम. अर्धे, बाई तुम्ही सांगा. अर्धे, नाही, खेळ. चिंचोके ताटात गारांसारखे.
माझ्या हातात चार होते. पोरं थांबून माझ्याकडे बघू लागली. मी सभा गाजवल्यात, अडवायला आलेल्यांना हसवून परत पाठवलंय. आज एक वाक्य जुळेना. घंटा झाली.

विनायकला सांगितलं, ती बोलली.
"मग जिंकलीस की!"
ती म्हणाली, मी बोलावं.
तो हसत सुटला. मग माझ्याकडे बघून थांबला. "तुला काय वाटतं?"
हाच प्रश्न मी वीस वर्षं मुलांना विचारतेय आणि उत्तरासाठी थांबत नाहीये.

उद्या पहिलाच तास आठवी ब. टाचण लिहायला घेतलं, खोडलं. फिलू येणार, हे नक्की; जाताना "उद्या येते बाई" म्हणाली, न विचारता. रोहितही येणार, उत्तर तयार करून. दोघंही पहिल्या मिनिटाला माझ्या तोंडाकडे बघतील, आणि मी पहिला चिंचोका कशावर टाकणार, ते अजून ठरत नाहीये.