आपलं खोंड

कळंब,
दिवाळीची सुट्टी संपता संपता

प्रिय नीला,

तुझा आणि त्या भौतिकशास्त्रवाल्या श्रीशैल स्वामीचा शोधनिबंध मिळाला. वाचून कळव म्हणालीस, वाचला. शेवटच्या पानावरचं 'उपयुक्त चर्चेबद्दल गायत्रीचे आभार' हेही वाचलं. एम.एस्सी.पासून आपण दोघी ज्या प्रश्नामागं आहोत, त्यात माझी चर्चा उपयुक्त ठरली म्हणायची.

सरळच सांगते, मला श्रीशैलचा मत्सर वाटतो. इतकी वर्षं तुझा रविवार माझा होता. मी इथं स्वयंपाकघरातल्या फळ्यापुढं खडू घेऊन उभी आणि तू तिकडं बंगळुरात फोन धरून. मग तू रविवारी 'जरा कामात' असायला लागलीस. काम आपलंच होतं, फक्त सोबत बदलली होती.

आपल्या प्रश्नातल्या त्या अनंत बेरजेला आपण खोंड म्हणायचो, कुठल्याच पद्धतीच्या जुवाखाली मान देत नव्हती म्हणून. तिच्यावर वाद घालता घालता कळंबच्या स्टँडवर आपली शेवटची एसटी चुकली होती, आठवतं? परवा श्रीशैलचा मला मेसेज आला, 'मॅडम, खोंड जुंपलं एकदाचं.' म्हणजे ते नावही तू त्याला देऊन टाकलंस. तो आपल्याकडचाच, जळकोटचा, त्यामुळं खोंड म्हणजे काय हे त्याला समजावूनही सांगावं लागलं नसेल. मला त्याचाही राग आला.

त्या बेरजेच्या उत्तरासाठी आपण वक्ररेषा मोजत बसलो. त्यानं मूलकणांच्या ऊर्जेच्या हिशेबातून थेट उत्तर काढलं आणि मध्येच बेरजेतली पदं वाटेल तशी पुढंमागं केली. कारण काय, तर 'भौतिकदृष्ट्या उघड आहे'. अनंत बेरजेत पदांच्या जागा बदलल्या की उत्तर बदलू शकतं, हे मी बी.एस्सी.च्या पोरांना शिकवते. ते वाक्य वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आता निबंध कोसळणार आणि माझा रविवार मला परत मिळणार. सगळी सुट्टी मी त्याला खोटं ठरवण्यात घातली. चकल्या विकतच्या आणल्या. आमचे हे फळ्याकडं बघून म्हणाले, कुणावर एवढा राग काढायलीस गं?

चूक निघाली नाही. जिथं बेरीज मोडेल असं वाटलं, तिथं ती टिकली. शेवटी माझ्याच हातून सिद्ध झालं की पदं कशीही मांडा, उत्तर हलत नाही. मला रडू आलं. त्याचं खरं निघालं म्हणून आलं, का आपलं खोंड अखेर माझ्या हातून जुंपलं गेलं म्हणून, ते सांगता येत नाही.

सिद्धता सोबत पाठवते आहे. ती निबंधात घाल. आभार काढून टाक आणि माझं नाव लेखकांत घाल. श्रीशैल नाही म्हणणार नाही, सिद्धतेशिवाय गणिताचं कुठलं नियतकालिक तुम्हाला दारात उभं करेल? पहिलं नाव कुणाचं यावर मी भांडणार नाही. आपल्या गणितवाल्यांत नावं आडनावांच्या अक्षरक्रमानं लागतात, ते मी आधीच बघून ठेवलंय. औसेकर, महाजन, स्वामी. तुमच्या दोघांच्या मध्ये मी.

तुझीच,
गायत्री महाजन